तीन इंची लाइनला कंट्रोल व्हॉल्व्ह किती इंची?

प्रश्न (अंबड एमआयडीसी):
कूलिंग वॉटरची लाइन ३ इंची. फ्लो जास्तीत जास्त १८ घनमीटर/तास, कमीत कमी ४. फुल फ्लोला व्हॉल्व्हवर १ बार ड्रॉप (दाबातली घट) मिळतो, कमी फ्लोला २ बार. ३ इंचीच ग्लोब व्हॉल्व्ह घ्यावा का?

उत्तर १:
नको. लाइनचा साइज बघून व्हॉल्व्ह घेत नाहीत, केव्ही (१ बार ड्रॉपला व्हॉल्व्हमधून तासाला जाणारं पाणी, घनमीटरमध्ये) काढतात. पाण्यासाठी केव्ही = फ्लो ÷ √ड्रॉप. म्हणजे कमाल १८, किमान साधारण २.८. ३ इंचीचा पूर्ण उघडा केव्ही १००च्या आसपास. इक्वल पर्सेंटेज ट्रिम (आतला प्लग असा, की प्रत्येक सारख्या टप्प्याला केव्ही ठरावीक टक्क्यांनी वाढतो) धरला तरी कमी फ्लोला तो जेमतेम ९ टक्के उघडेल. तिथे हंटिंग (व्हॉल्व्ह सतत पुढे-मागे हलणं) होणार, आणि प्लग-सीट घासून पासिंग (बंद असतानाही गळती) सुरू.

उत्तर २:
२ इंची, केव्ही ४०, इक्वल पर्सेंटेज ट्रिम. कमालला सुमारे ८०, किमानला ३२ टक्के ओपनिंग. दीड इंचीचा केव्ही २५ धरला तर ९२ टक्क्यांवर जातो, हाताशी काही उरत नाही. दोन्हीकडे रिड्युसर (३ आणि २ इंची जोडणारे तुकडे) लागतील. हिशेबात पंपाचं शटऑफ प्रेशर (फ्लो बंद असतानाचा दाब) धरू नका, ड्रॉप त्या-त्या फ्लोचाच घ्या. बहुतेक चुका इथेच होतात.

प्रश्नकर्ता:
अॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) कशावर काढायचा?

उत्तर २:
तो मात्र शटऑफ प्रेशरवरच.