ठराव झाला म्हणजे संपलं असं नाही

नगरपरिषदेच्या सभा दहा मिनिटांत गुंडाळतात, हे एका भाऊंचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण 'एकदा ठराव झाला की कोणी काही करू शकत नाही' हे त्यांचं म्हणणं पटत नाही. नगरपरिषद अधिनियम १९६५ मधलं कलम ३०८ बघा, त्याखाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. मात्र नुसती तोंडी ओरड चालत नाही, हातात कागद लागतो.

आमच्या गिरणाकाठच्या गावात आठवडे बाजाराच्या वसुलीचा ठेका असाच 'ऐनवेळच्या विषयात' घुसवला होता, विषयपत्रिकेत नावही नाही. आम्ही दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात सभेचं इतिवृत्त मागितलं, सोबत हजेरीपत्रकही. (हे दुसरं लोक विसरतात, खरी गंमत तिथेच असते.) सूचक, म्हणजे ठराव मांडणारे, म्हणून ज्यांचं नाव होतं, त्यांची त्या दिवशी हजेरीपत्रकावर सहीच नव्हती! दोन्ही नकला जोडून जळगावला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, तेव्हा कुठे फेरलिलाव झाला. ठेकेदार बदलला. भाजीवाल्या बायांची पावती मात्र एक रुपयानेही उतरली नाही, ते भांडण अजून चालूच आहे.