हेल्मेट शाबूत, बाहेर रक्त नाही, मग मृत्यू कशाने?

वाघबीळकर:
घोडबंदर रोडवर दुचाकी घसरते आणि डंपरचं मागचं चाक कमरेवरून जातं. अशा अपघाताच्या पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये ‘हेमरेजिक शॉक ड्यू टू मल्टिपल इंज्युरीज’, म्हणजे अनेक जखमांमुळे रक्त जाऊन मृत्यू, एवढंच लिहिलेलं असतं. डोक्याला काही नाही, रस्त्यावर फारसं रक्त नाही, माणूस बोलतही असतो. मग रक्त जातं कुठे?

न्यायवैद्यक_कळवा:
आतच. कमरेचं हाड, म्हणजे पेल्विस, हे एक कडं आहे. चाकाखाली ते बहुधा एकाहून जास्त जागी तुटतं. त्याला लागून असलेलं शिरांचं जाळं फाटतं आणि दोन लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोटाच्या पडद्यामागे साचतं. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून साधारण पाच लिटर. त्यात मांडीचं हाड मोडलं तर आणखी लिटर-दीड लिटर. यकृत किंवा प्लीहा फाटली तर विचारूच नका.

बोलतो कसा? तरुण शरीर रक्तवाहिन्या आकसून बीपी धरून ठेवतं. एक चतुर्थांश रक्त गेलं तरी आकडा बरा दिसू शकतो. नाडी मात्र १२०च्या घरात, हातपाय गार, घाम, तहान, घालमेल. मग एकदम कोसळतो. ‘बीपी ठीक आहे’ म्हणून थांबून राहणं इथेच नडतं.

कातडीवरही फसगत होते. वरून नुसतं खरचटलेलं, टायरच्या नक्षीचा ठसा, आणि खाली चरबीचा थर स्नायूंपासून सुटलेला. रिपोर्ट वाचताना शेवटच्या ओळीवर थांबू नका. आपल्याकडच्या नमुन्यात १७व्या रकान्यात बाहेरच्या जखमा असतात, २१व्यात पोट. पोटात किती रक्त मिळालं ते तिथे बघा.

स्ट्रेचर_ऐरोली:
उचलताना कंबर दाबून, हलवून ‘मोडलंय का’ बघू नका. धरलेली गुठळी सुटते. चादरीची रुंद घडी मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यांवरून घट्ट आवळा. पोटावरून बांधाल तर उपयोग शून्य. गुडघे एकत्र बांधा, पाणी पाजू नका. १०८ला ‘कमरेवरून चाक गेलंय’ हेच शब्द सांगा. रक्तपेढी आणि सर्जन असलेल्या ठिकाणीच न्यायला हवं.

वाघबीळकर:
म्हणजे हेल्मेट शाबूत असेल तर डोकं सोडून द्यायचं?

न्यायवैद्यक_कळवा:
मुळीच नाही. हनुवटीवरचा मार कवटीचा तळ फोडतो, हेल्मेटला ओरखडाही न येता. मानही तशीच. रिपोर्टमधला डोक्याचा, १९वा रकाना वाचल्याशिवाय ‘डोक्याला काही नाही’ म्हणू नये.