‘फ्लो’ची पद्धत छोट्या स्टुडिओनं उचलावी का?

रेंडरघर: लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसच्या ‘फ्लो’ला २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. खर्च साधारण ३५ लाख युरो, सॉफ्टवेअर फुकटचं ब्लेंडर, रेंडर (दृश्याचं अंतिम चित्र बनवणं) त्यातल्याच झटपट ईव्ही इंजिनावर. छोट्या स्टुडिओनं हाच रस्ता धरावा, फोटोसारख्या रेंडरचा नाद सोडावा. ८५ मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,२२,४०० फ्रेम. फ्रेमला १० सेकंद धरले तरी एका मशिनवर १४ दिवसांत काम उरकतं. ब्लेंडरच्याच सायकल्स इंजिनावर, म्हणजे फोटोसारख्या रेंडरला, फ्रेममागे ३० मिनिटं लागली तर त्याच मशिनला सात वर्षं लागतील. मग रेंडर फार्म, म्हणजे अनेक मशिनचा ताफा, भाड्यानं घ्यायचं, आणि मीटर पडायला लागलं की दिग्दर्शक शॉट बदलायला कचरतो. कथेला खरा फटका तिथं बसतो.

पाणी_सावली: रेंडरचा वेळ वाचतो, पण माणसांचा जातो. ईव्हीची स्क्रीन-स्पेस प्रतिबिंबं फक्त फ्रेममध्ये दिसणाऱ्या वस्तूंचीच पडतात. काठावरचं झाड फ्रेमबाहेर सरकलं की पाण्यातलं झाडही पुसलं जातं. प्लेन प्रोब (सपाट पृष्ठभागाचं प्रतिबिंब टिपणारी सोय) लावला तर सपाट पाण्यावर भागतं, लाटांवर नाही. शॅडो मॅप (सावलीसाठी साठवलेलं चित्र) छोटा ठेवला तर सावलीच्या कडा करवतीसारख्या दिसतात, मोठा केला तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरते. असे दोष शॉटगणिक हातानं निस्तरावे लागतात.

रेंडरघर: दोष मान्य. म्हणून तर चित्रशैली आधी ठरवायची. ‘फ्लो’त केसन् केस मोजून दाखवायचा अट्टहास नाही, रंगाचे सपाट पट्टे दिसतात. कंपोझिटिंगही (रेंडरनंतर चित्राचे थर जोडून सुधारणं) टाळलं, रंग शेडरमध्येच (वस्तू कशी दिसेल ते ठरवणाऱ्या सूचनांत) जुळवले. त्यामुळे दिग्दर्शकाला पडद्यावर काम करताना जवळपास अंतिम चित्रच दिसतं.

लेआउट_आधी: मला वेगळीच भीती वाटते. झिलबालोडिसनं कागदी स्टोरीबोर्ड (शॉटची चित्रमालिका) केला नाही, थ्रीडी दृश्यात स्वतः कॅमेरा फिरवत शॉट शोधले. हे जमलं, कारण २०१९ चा ‘अवे’ हा चित्रपट त्यानं एकट्यानं केला होता. पगारी टीमला असं काम दिलं तर शॉटची लांबी ठरत नाही, म्हणून दर ठरत नाही. त्यात चार-चार मिनिटांचे अखंड शॉट! दुसऱ्या मिनिटाला नायक मांजराची जागा बदलली की पुढचं सगळं ॲनिमेशन हलतं.

रेंडरघर: थ्रीडी ॲनिमॅटिक (शॉटांचा कच्चा चलत आराखडा) हाच त्याचा स्टोरीबोर्ड होता. तो लॉक झाल्याशिवाय ॲनिमेटरच्या हाती शॉट द्यायचाच नाही. लांब शॉटचे तुकडे पाडायचे, सांध्यावरची पोझ दोन्ही ॲनिमेटरना आधीच देऊन ठेवायची.

पाणी_सावली: आणि संवाद? ‘फ्लो’त प्राणी बोलत नाहीत, त्यामुळे लिपसिंकचा खर्चच नाही. मराठी बोलपटात ओठांचे आकार, चेहऱ्याचं रिग (चेहरा हलवण्याचा सांगाडा), आवाजाचं ध्वनिमुद्रण हे सगळं ॲनिमेशनच्या आधी उभं करावं लागेल. ३५ लाख युरोंचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून बजेट मांडलंत तर इथेच फसाल.

लेआउट_आधी: सुरुवात ३० सेकंदांच्या चाचणीनं करा. त्यात पाणी, पाऊस आणि एक बोलता क्लोजअप हवाच. त्यातला प्रत्येक दोष हातानं सुधारायला किती तास गेले ते लिहून ठेवा, रेंडरचे सेकंद नंतर मोजा.