मदत हवी आहे: टांगलेल्या गोदावरीचे पत्रे गरगर फिरतात

नमस्कार मंडळी. पैठणमधल्या एका सभागृहाच्या प्रवेशदालनात छताला टांगायचं शिल्प करतोय. विषय गोदावरी: ब्रह्मगिरीपाशी अरुंद धार, नाथसागराशी ऐसपैस पसारा. तांब्याचे ३४० पत्रे, प्रत्येकी साधारण ३०० ग्रॅम. पैठणच्या टोकाकडच्या पत्र्यांवर सातवाहनांच्या नाण्यांवरचं चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं) ठोकून उठवलंय.

दार उघडलं की वारा शिरतो आणि पत्रे डुलायचे सोडून गरगर फिरतात. शेजारशेजारच्या तारा अशा पिळतात की सोडवायला शिडीवर अर्धा तास जातो. आणि इतकं मेहनतीनं ठोकलेलं चिन्ह नेमकं भिंतीकडे तोंड करून बसतं!

मासेमारीचा नायलॉन दोरा वापरून पाहिला. ताणला जातो, उंची बिघडते. आता १ मिमी स्टेनलेस तार आहे. वर फिरती कडी लावली तर पीळ गेला, पण फिरणं वाढलं. दोन समांतर तारांवर टांगलं की थांबतं, पण मग ६८० तारा; नदी कसली, पिंजराच दिसतो.

स्लॅबला नवी भोकं पाडायची नाहीत, लोखंडी जाळीची चौकट आधीच बसलीय. अभियंत्यांनी एकूण २५० किलोची मर्यादा दिलीय, सध्या १७० होतात. पंखे बंद ठेवता येतील, दार नाही.

एकाच तारेवरचा पत्रा पाव वळणापलीकडे जाऊ नये, तरी डुलावा, यासाठी काय लावता? शेजारचे पत्रे खालून बारीक तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडले तर भागेल का?