मदत हवी आहे: काल्पनिक राज्याचा लढा खरा कसा वाटेल?

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं एक अद्भुतरम्य कादंबरी लिहितेय. समुद्रापलीकडून आलेल्या सैन्याने राजधानी घेतली, राजा पडला आणि डोंगरातल्या टोळ्या लढताहेत. इथवर जमलं, पुढे अडलंय.

अडचण जादूची. माझ्या लोकांना नदीशी बोलण्याची विद्या येते. ती पूर्ण ताकदीने वापरली तर शत्रू एका प्रकरणात बुडतो आणि कथा संपते; आखडली तर ती असून नसल्यासारखी. 1288 मध्ये बाख डांग नदीच्या तळाशी व्हिएतनामी सैन्याने टोकदार खुंट रोवले होते. ओहोटी लागली तशी मंगोल आरमाराची जहाजं त्यांवर अडकली. तिथे जादू नव्हती, पाण्याची जाण होती. मला विद्या तशी हवीय: वेळ साधावी लागणारी, चुकली तर आपल्यावरच उलटणारी. पण तिची किंमत काय ठेवू? आयुष्य किंवा आठवणी द्याव्या लागणं हे फार वाचून झालंय.

दुसरं, फितूर. 1808 पासून स्पेनमध्ये गनिमी टोळ्यांनी नेपोलियनच्या फौजांना हैराण केलं, तरी काही स्पॅनिश लोक फ्रेंचांच्या बाजूने होतेच. माझा कोठारप्रमुख तसाच. गाव उपाशी मरू नये म्हणून तो शत्रूला धान्य मोजून देतो. त्याला खलनायक करायचं नाहीये, माझा जीव आहे त्याच्यावर. त्याची बाजू वाचकाला पटेल असा एखादा प्रसंग सुचतोय का? आणि टोळ्यांना त्याचा संशय नेमका कशावरून यावा?

कच्चं सुचलं तरी लिहा.