ईए२११: १.० आणि १.५ टीएसआयमध्ये सारखं काय?

प्रश्न: फोक्सवॅगनच्या ईए२११ मालिकेतल्या या दोन टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनांत नेमकं काय समान आहे?

उत्तर १: बोअर (सिलिंडरचा व्यास) दोन्हीकडे ७४.५ मिमी, सिलिंडरच्या मध्यांमधलं अंतर ८२ मिमी. फरक स्ट्रोकचा (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर): १.० मध्ये ७६.४ मिमी, १.५ मध्ये ८५.९. म्हणून १.० च्या तीन सिलिंडरांचे ९९९ सीसी, १.५ च्या चार सिलिंडरांचे १४९८. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला वायू गोळा करणारा भाग) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला, त्यामुळे थंड इंजिन पटकन तापतं. फार सुरेख रचना!

उत्तर २: वॉटर पंप मुख्य टायमिंग बेल्टवर नाही. तो गिअरबॉक्सच्या बाजूला, एक्झॉस्ट कॅमशाफ्टवरच्या (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच्या) छोट्या दातेरी बेल्टवर फिरतो. कूलंट कमी होत असेल तर आधी तिथे टॉर्च मारा. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगखाली कूलंटचे वाळलेले गुलाबी डाग दिसतात का बघा.

प्रश्नकर्ता: आणि सिलिंडर बंद होतात ते?

उत्तर १: ते १.५ एसीटीमध्ये (एसीटी म्हणजे सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा). कमी भारावर २ आणि ३ नंबरचे. कॅमवरची स्लीव्ह सरकते, व्हॉल्व्ह मिटलेलेच राहतात.