न्यूक्लिओटाइड लहान आतड्यात जसेच्या तसे शोषले जातात का?

चतुःशृंगी_विद्यार्थिनी:
मी पुण्यातील एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकते. "न्यूक्लिक आम्लांचे पचन होऊन न्यूक्लिओटाइड शोषले जातात," एवढ्या एका वाक्यात आमच्या टिपणांनी हा विषय आटोपला आहे. प्रथिनांना मात्र पानेच्या पाने दिली आहेत. न्यूक्लिओटाइडवर, म्हणजे न्यूक्लिक आम्लांच्या (डीएनए, आरएनए) बेस, शर्करा आणि फॉस्फेट मिळून बनलेल्या घटकावर, ऋणभार असतो, मग तो पेशीपटल ओलांडतो कसा?

नळस्टॉपकर:
सहसा ओलांडत नाही, त्यामुळे टिपणातील वाक्य तेवढे दुरुस्त करून घ्यावे. स्वादुपिंडाची रायबोन्यूक्लिएज आणि डीऑक्सिरायबोन्यूक्लिएज ही विकरे (एन्झाइम) न्यूक्लिक आम्लांच्या साखळ्यांचे तुकडे करतात, फॉस्फोडायएस्टरेज त्यांतून न्यूक्लिओटाइड सुटे करतात, आणि अस्तरपेशींच्या सूक्ष्मांकुरांवर बसलेली अल्कलाइन फॉस्फेटेजसारखी विकरे त्यांचा फॉस्फेट काढून घेतात. उरतो तो न्यूक्लिओसाइड, म्हणजे नुसता बेस आणि शर्करा, आणि प्रामुख्याने तोच आत जातो.

त्याला आत घेणारी वाहक प्रथिने सीएनटी या नावाने ओळखली जातात. बेस दोन प्रकारचे असतात, पिरिमिडीन आणि प्युरीन; सीएनटी१ मुख्यतः पिरिमिडीन, सीएनटी२ मुख्यतः प्युरीन आणि सीएनटी३ दोन्ही प्रकारचे न्यूक्लिओसाइड आत घेते. पहिली दोन एका न्यूक्लिओसाइडबरोबर एक सोडियम आयन आत नेतात, तिसरे दोन नेते. पेशीच्या रक्ताकडील बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप आतील सोडियम सतत उपसत असतो, म्हणूनच सोडियमची आत येण्याची ओढ टिकून राहते. रक्ताच्या दिशेने बाहेर पडण्यासाठी ईएनटी वाहक असतात; त्यांना सोडियम लागत नाही, जिकडे संहती कमी तिकडे ते न्यूक्लिओसाइड सोडतात.

औंध_प्रयोगशाळा:
एक पुरवणी जोडतो. काही न्यूक्लिओसाइडचे आणखी विघटन होऊन नुसते बेस सुटतात, आणि उंदीरवर्गीय प्राण्यांच्या आतड्यात त्यांच्यासाठी सोडियमवर चालणारा वेगळा वाहक सापडला आहे. माणसात मात्र ते जनुक निकामी झालेले आहे, त्यामुळे उंदरांवरील आकृती परीक्षेत माणसाची म्हणून काढू नये; परीक्षकांच्या ते लक्षात येईलच असे नाही, हा भाग वेगळा.

चतुःशृंगी_विद्यार्थिनी:
मग रविवारच्या मटणातील प्युरीन आपल्या डीएनएमध्ये जाऊन बसते का?

नळस्टॉपकर:
फारच थोडे. अस्तरपेशींमध्ये झँथिन ऑक्सिडेज हे विकर भरपूर असते, त्यामुळे आहारातील बहुतांश प्युरीनचे यूरिक आम्ल तिथेच होऊन जाते. गाउटच्या (यूरिक आम्ल वाढून होणाऱ्या सांधेदुखीच्या) रुग्णांना दिले जाणारे अॅलोप्युरिनॉल हे औषध नेमके याच विकराला रोखते. पिरिमिडीनचा काही भाग मात्र शरीरात पुन्हा वापरला जातो.